चहाचा काळा वाडगा

अबुधाबीतल्या एका खासगी संग्रहालयात जगन्नाथ सव्वीस वर्षं वस्तू हाताळत आला होता. प्रदर्शन संपलं होतं. आठशे वर्षांपूर्वीचा चिनी चहाचा वाडगा आता मालकाकडे परत पाठवायचा होता.

"काका, हा तुम्हीच काढा," शुभ्रा म्हणाली. ती त्याची वरिष्ठ, पण वयाने मुलीसारखी.

जगन्नाथने काचेची पेटी उघडली. वाडग्याच्या काळ्या झिलईवर सशाच्या केसांसारख्या बारीक तपकिरी रेघा होत्या. त्याने हात पुढे केले, तर उजवा अंगठा थरथरत होता. गेले तीन महिने त्याने हे बायकोपासूनही लपवलं होतं. त्याने हात मागे घेतले.

"मॅडम, माझ्याच्याने नाही होणार. हात कापतो हल्ली."

नोकरी गेली तर व्हिसाही जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. शुभ्राने स्वतःच वाडग्याला हात घातला.

"एका हाताने बूड धरा," तो म्हणाला. "घाई नको."

वाडगा खोक्यातल्या फोममध्ये नीट बसला. जगन्नाथ स्टुलावर टेकला. इतक्या वर्षांचा शीण एकदम पाठीत उतरला होता.

"यापुढे तुम्ही फक्त सांगायचं, मी करेन. वर मी बोलते," शुभ्रा म्हणाली.

"इन्शाल्ला," म्हणत त्याने क्षणभर डोळे मिटले.