ब्लॉगमधली आई

महिन्यातून एकदा सोलापुरातले सहा-सात हौशी ब्लॉगलेखक वैजयंतीच्या गच्चीवर जमत. एकाने आपला लेख वाचायचा, इतरांनी त्यातले दोष दाखवायचे आणि तोवर लेखकाने तोंड उघडायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

आई गेल्यावर दीड महिन्याने वैजयंतीने तिच्यावरचा लेख वाचला. एरवी शब्दाशब्दाला अडवणारे हिंदुरावकाका म्हणाले, "छान झालाय." रेश्मा नुसती मान हलवत राहिली. वैजयंतीला कळेना, लेख खरंच जमलाय, की हे सगळे सांत्वनाला आलेत? उद्या तो ब्लॉगवर जाणार होता. कुणीतरी खरं सांगायला हवं होतं.

शेवटी गटातलीच, शिवणकाम करणारी गुलनाज म्हणाली, "ताई, राग मानू नका. पण लेखातली ही गोडगोड बोलणारी बाई कोण? तुमच्या आईंनी मला एक ब्लाउज तीनदा उसवायला लावला की! वर म्हणाल्या, 'हा मला घालायचाय, बुजगावण्याला नाही.'"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. वैजयंतीला रागही आला होता आणि बरंही वाटत होतं. कागदावरची आई तिची तिलाच अनोळखी वाटू लागली.

"तिसऱ्यांदा तरी आवडला का तिला?" नियम मोडून तिने विचारलं.

"कुठलं! पण ईदला आमच्याकडे तोच घालून आल्या, आणि ज्याला त्याला सांगत होत्या, गुलनाजनं शिवलाय."

वैजयंतीने पेन उघडलं. पण लेखातलं कुठलं वाक्य आधी खोडावं, तेच तिला सुचेना.