बटण एक, जावा दोन

या, असे जवळ सरकून बसा. ही गोष्ट ज्यांची आहे त्यांना बोलता येत नव्हतं. तेव्हा आपण तरी कान देऊन ऐकू या.

एका घरच्या दोन जावा. थोरली सासूबाईंना सांभाळायची. धाकटी दोन गल्ल्या सोडून राहायची आणि टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. आजाराने सासूबाईंची वाचा गेली होती, मान आणि उजव्या हाताचं एक बोट तेवढं शाबूत. आणि त्या दिवशी पाचला वृद्धाश्रमाची गाडी यायची होती.

"त्यांनीच मान हलवली," थोरली कपाटातून साड्या काढता काढता म्हणाली.

"वहिनी, विहिरीत उडी मारता का विचारलंत तरी त्या मान हलवतील."

"वर्षभर कूस बदलायला मी. अक्कल शिकवायला तू."

धाकटी टीव्हीमागची वायर तपासू लागली. तिने तळहाताएवढा कॉम्प्युटर आणला होता. त्याच्या पोटात नखाएवढं कार्ड घालायचं. त्याची सगळी अक्कल त्या कार्डात. भिंतीवरच्या जुन्या टीव्हीला तो जोडला की पडद्यावर अक्षरं एकेक करून उजळणार. हवं ते उजळलं की सासूबाईंनी बोटाखालचं बटण दाबायचं. गाडी येण्याआधी त्यांच्या मनातलं त्यांनीच सांगावं, एवढाच तिचा हट्ट.

पण पडद्यावर 'सिग्नल नाही', यापलीकडे काही येईना.

"तिसरं कार्ड ना हे?" थोरली म्हणाली. "पहिलं बिघडलेलं, दुसरं बिघडलेलं. बिघाड कुठे आहे ते मला दिसतंय."

"दुकानातल्या टीव्हीवर हेच चालतं."

"मग दुकानातच राहायला जा."

त्या खोलीत थोरलीचा कायदा होता. दारापाशी एकच बटण, खोलीतलं सगळं त्याच्यावरच चालू, त्याच्यावरच बंद. वीज वाया गेलेली तिला खपायची नाही. आणखी एक भांडण नको म्हणून धाकटी दर वेळी निमूटपणे तेच बटण दाबत होती.

साडेचार झाले. "बास झालं तुझं," म्हणत थोरलीने कॉम्प्युटरची वायरच उपटली. धाकटीने तिच्या हातातून ती हिसकावून पुन्हा खुपसली.

पडदा उजळला.

धाकटी बघतच राहिली. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. हा कॉम्प्युटर डोळे उघडताच विचारतो, समोर कोणी आहे का, केवढं चित्र झेपेल? म्हाताऱ्या टीव्हीला जागं व्हायला अर्धं मिनिट लागतं. एका बटणावर दोघं उठवले की याचं विचारून झालेलं असतं आणि ओ द्यायला कोणी नसतं. मग हा हिरमुसून गप्प. दुकानातला टीव्ही दिवसभर चालूच, म्हणून तिथे कधी अडलं नाही. आणि बाबांनो, ऐकणारा जागा होईपर्यंत थांबावं, हे आपल्या माणसांना तरी कुठे जमतं?

सासूबाईंचं बोट हललं. एकेक अक्षर उमटू लागलं.

'जायचंय.'

"झालं समाधान?" थोरली म्हणाली.

धाकटीचा चेहरा पडला. पण बोट थांबलं नव्हतं.

'दोघींचं ऐकून कान किटले.'

थोरलीच्या हातातली साडी तशीच राहिली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. सासूबाईंनी घाई केली नाही.

'हे यंत्र बरोबर द्या.'

दोघींनी मिळून सामान भरलं, पण एकमेकींकडे बघितलं नाही. यंत्राच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवताना थोरलीने भिंतीलाच विचारल्यासारखं विचारलं, "आधी काय लावायचं?"

"आधी टीव्ही. मग हा," धाकटीनेही भिंतीलाच सांगितलं.

गाडी गेली. थोरली आत वळली, धाकटी आपल्या गल्लीकडे.

आता उठाल, घरी जाल. जाताना त्या म्हातारीची आठवण असू द्या. आणि तुमच्या घरात कोणी नुसतीच मान हलवत असेल, तर तिचीही.