दादाचं साठीचं शरीर

वार्धक्यावर संशोधन करणाऱ्या त्या केंद्रात दादाला सगळे ‘हीरो’ म्हणायचे. हे नाव ठेवलं होतं त्याच्या धाकट्या बहिणीनं. ती केंद्राची प्रमुख होती. तिथं सगळे तिला ‘बाई’ म्हणत, दबकून बोलत. घरी मात्र केस पांढरे झाले तरी ती चिमीच राहिली होती.

कॅलेंडरचं वय वेगळं आणि शरीराचं वय वेगळं, हा चिमीचा आवडता विषय. एकाच वर्षी जन्मलेली दोन माणसं घ्या, ती म्हणायची, एक जिना चढून वर पोचतो तेव्हा दुसरा अजून कठड्याला धरून धापा टाकत असतो. असं का होतं? रक्तातल्या पेशींवर वयाबरोबर काही रासायनिक खुणा उमटत जातात. त्या वाचल्या, आणि जोडीला चालण्याचा वेग, हाताची पकड, तोल असं सगळं तपासलं, की शरीर किती झिजलंय याचा बराचसा अंदाज येतो. तिच्या अभ्यासात शेकडो ज्येष्ठ मंडळी होती. वर्षातून दोनदा यायची, रक्त द्यायची, मार्गिकेतून चालून दाखवायची आणि गप्पा हाणून घरी जायची.

त्यात दादा म्हणजे तिच्या शिरपेचातला तुरा. हयात पोहण्याच्या तलावावर प्रशिक्षक म्हणून काढलेली. पंचाहत्तरीला टेकलेला, पण खांदे अजून रुंद, चाल ताठ. त्याच्या रक्ताचा निकाल आला त्या दिवशी चिमी अख्ख्या प्रयोगशाळेत नाचायचीच काय ती बाकी राहिली होती. “शरीर साठीचं आहे याचं, साठीचं!” मग प्रत्येक व्याख्यानात दादाचा आलेख आणि प्रत्येक पाहुण्यासमोर दादाचं कौतुक. दादाही खूश. इतर मंडळींना तो चिडवायचा, “तुम्ही सगळे माझे काका लागता!”

एकदा तपासणी झाल्यावर तो तिच्या खोलीत रेंगाळला. खिडकीजवळ उभा राहून उगाच बाहेर पाहत म्हणाला, “चिमे, हे तुमचं चालणं, पकड वगैरे ठीक आहे. पण म्हाताऱ्या माणसांना सारखं… म्हणजे जावं लागतं ना. त्यावर काही करता की नाही तुम्ही?”

“तुला कशाला हव्यात रे म्हाताऱ्यांच्या चौकशा?” चिमी संगणकावरून नजर न काढता हसली. “तू हीरो आहेस आमचा.”

“हो, तेही खरंच,” दादा म्हणाला आणि निघून गेला.

त्यानंतर केंद्राच्या नव्या इमारतीसाठी मोठा कार्यक्रम ठरला. सभागृहात विश्वस्त, पत्रकार, बाहेरगावचे दोन-तीन बडे शास्त्रज्ञ. नुसते आलेख दाखवून लोक जांभया देतात, हे चिमीला अनुभवानं ठाऊक होतं. दादाला मंचावर आणायचं, खुर्चीवर बसवायचं, हात छातीशी बांधून उठ-बस करून दाखवायला सांगायचं आणि प्रेक्षकांनी मोठ्यानं आकडे म्हणायचे, अशी तिची कल्पना. कुणाच्याही कायम लक्षात राहील!

दादानं आधी आढेवेढे घेतले. गुडघ्याचं निमित्त सांगितलं, मग सर्दीचं. चिमीनं एकही चालू दिलं नाही. तो नेहमीच्या काळ्या पँटमध्ये आला, तेव्हा तिनंच त्याला बदलायला लावलं. मागचा पडदा काळा होता. काळ्यावर काळं दिसणार काय, कपाळ? तिनं फिकट राखाडी पँट आणूनच ठेवली होती.

पडद्याआड उभा असताना दादानं विचारलं, “लवकर आटपशील ना गं?”

“पाच मिनिटांत बोलावते.”

पण बोलायला लागल्यावर चिमीला रंग चढला. म्हाताऱ्या पेशी मरत नाहीत, विभागतही नाहीत, नुसत्या ठाण मांडून बसतात आणि शेजारच्या पेशींनाही त्रास देतात, हे ती हावभाव करून सांगत होती आणि सभागृह हसत होतं. पाच मिनिटांची चाळीस कधी झाली तिला कळलंच नाही. मग तिनं एकदाचं नाव पुकारलं, “या, आमचे हीरो!”

टाळ्यांच्या कडकडाटात दादा आला. जरा घाईनंच आला. बसला, हात छातीशी बांधले आणि सुरुवात केली. लोक तालात मोजू लागले. दहा झाले, बारा झाले. आवाज चढत गेला. पंधराव्याला तो उठला आणि तसाच उभा राहिला. चेहरा एकदम कोरा. राखाडी कापडावर एक गडद डाग उमटला, मांडीवरून खाली पसरत गेला आणि बुटापर्यंत पोचला.

मोजणं थांबलं. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, कुणीतरी त्याला दटावलं.

दादानं चिमीकडे पाहिलं. ती त्याच्यापासून दोन हातांवर उभी होती. निदान हातातले कागद त्याच्यापुढे धरता आले असते. काही नाही तरी त्याच्या शेजारी जाऊन उभं राहता आलं असतं. चिमी मागे सरकली. मंचाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली आणि हसऱ्या आवाजात म्हणाली, “आमचे पाहुणे जरा दमले वाटतं. आपण पुढच्या चित्राकडे वळू.”

तिची सहायक मुलगी धावली. आपला पांढरा कोट तिनं दादाच्या कमरेभोवती गुंडाळला आणि त्याला घेऊन निघाली. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या विश्वस्तांनी दबक्या आवाजात विचारलं, “कोण हो हे गृहस्थ? तुमच्या ओळखीचे?”

“नाही, अभ्यासातलेच एक आहेत,” चिमी म्हणाली.

माइक तिच्या कॉलरला होता. ते वाक्य सभागृहाच्या चारी भिंतींवर आपटून परत आलं. दादा अजून मंचाच्या पायरीवरच होता. तो क्षणभर थांबला, मागे वळला नाही, आणि उतरून गेला.

कार्यक्रम झकास झाला असं सगळेच म्हणाले. चहाचा कप हातात घेऊन चिमी अभिनंदनं स्वीकारत राहिली आणि प्रत्येक हस्तांदोलनाबरोबर तिला मेल्याहून मेल्यासारखं होत गेलं. दादा केव्हाच रिक्षा करून घरी गेला होता. संध्याकाळी तिनं फोन केला, तो वहिनीनं उचलला. “झोपलेत,” एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशीही झोपलेत. तिसऱ्या दिवशी चिमीनं फोनच केला नाही. त्याला थोडा वेळ द्यायला हवा, असं ती स्वतःला बजावत होती. खरं तर त्याच्या दारात उभं राहायला तिला तोंड नव्हतं.

त्या आठवड्यात सहायक मुलगी तिच्या खोलीत आली आणि तिनं दार लावून घेतलं.

“बाई, एक सांगू? रागावू नका. हीरो आजोबांना हा त्रास वर्षभर होता. मला म्हणाले होते, चिमीला बोलू नकोस.”

“आणि तू गप्प बसलीस?”

“ते एकटे नाहीत, बाई. काल त्या शिवणकाम करायच्या ना, त्या आजींनी हीरो आजोबांचं ऐकलं आणि फोन करून सांगितलं. तीनदा पडल्यात घरात. आपण विचारलं तेव्हा ‘छे, कधीच नाही’ म्हणाल्या होत्या. ते पोस्टमन आजोबा औषध घेतलं की नाही तेच विसरतात. आज आणखी दोघांनी असंच काहीबाही कबूल केलं. मी विचारलं, आधी का नाही बोललात? तर म्हणतात, बाईंना वाईट वाटलं असतं. त्या एवढ्या उत्साहानं विचारतात.”

इतकी वर्षं चिमी म्हातारपण मोजत होती, आणि तिच्यासमोर येणारी माणसं म्हातारपण दाराबाहेर ठेवून येत होती. तिनंच त्यांना तसं शिकवलं होतं. कुणाचा निकाल चांगला आला की ती टाळ्या वाजवायची. वाईट आला की “अरेरे” म्हणायची. तेवढं ‘अरेरे’ पुरलं होतं. ते ऐकू नये म्हणून माणसं खोटं बोलत होती.

ती तडक उठली आणि दादाच्या घरी गेली.

दार वहिनीनं उघडलं. तिनं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. नुसती बाजूला झाली.

“वहिनी, मला कळायला हवं होतं.”

“कसं कळणार? ते तुझ्याकडे यायच्या आदल्या दिवसापासून पाणी प्यायचे नाहीत. पोहायला जाणं तर केव्हाच सोडलं, तुला माहीत तरी आहे का? मी म्हटलं, बहीण एवढी शिकलेली आहे, विचार की तिला. तर म्हणाले, एकदा विचारलं मी.” वहिनीनं आत बोट दाखवलं. “गॅलरीत आहेत. जा.”

दादा स्टुलावर बसून टेबलफॅनची पाती पुसत होता. तिला पाहून त्यानं हात थांबवला नाही.

“दादा, मी चुकले.”

“हं.”

“मला तेव्हा काही सुचलंच नाही.”

“सुचलं की. बाजूला सरकायचं बरोबर सुचलं.” त्याचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागत होतं. “ओलं झालं त्याचं मला काही नाही, चिमे. आयुष्य पाण्यात गेलंय माझं. पण पोहायला शिकताना पोरं घाबरून माझ्या अंगावर ओकायची. मुतायची. अनोळखी पोरं ती. मी एकदाही सोडून काठावर चढलो नाही.”

चिमीनं मान खाली घातली. ती म्हणाली, “मला लाज वाटली.”

“माझी?”

“हो.” खोटं बोलायची सोय राहिली नव्हती. “त्या वेळी तुझीच.”

दादानं फडकं खाली ठेवलं. “मलाही वाटायची माझी. वर्षभर. तुझ्यासमोर तर फारच.” मग म्हणाला, “यावर औषध असतं का काही?”

एवढा साधा प्रश्न. चिमीला हुंदकाच फुटला. दादानं तिची समजूत काढली नाही. पंख्याची जाळी बसवली, स्क्रू पिळले आणि शर्ट बदलायला आत गेला.

मूत्रविकारांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि प्रोस्टेट ग्रंथी वाढली आहे, साधीच वाढ आहे, असं सांगितलं. या वयात अनेक पुरुषांना होतं, म्हणाले. लवकर आला असता तर एवढं सोसावं लागलं नसतं. गोळ्या सुरू झाल्या. महिन्या-दोन महिन्यांत बराच फरक पडला. चिमी प्रत्येक वेळी बरोबर गेली. तो नको म्हणाला नाही; ये असंही म्हणाला नाही.

मग तिनं सगळ्या मंडळींना केंद्रात बोलावलं. पत्रकार नाहीत, पाहुणे नाहीत. ती उभी राहिली आणि म्हणाली, “त्या दिवशी मंचावर होता तो माझा सख्खा भाऊ. मी त्याला ओळख दिली नाही. तुम्ही माझ्यापासून लपवलंत त्यात तुमचा दोष नाही. मला सांगावं, अशी मी नव्हतेच.” मग शिवणकामवाल्या आजी उठल्या आणि हात वर करून म्हणाल्या, “मी पडले ती बाथरूममध्ये. आणि कुणी हसायचं नाही, कारण आपटले त्या जागेवर मला अजून बसता येत नाही!” हशा पिकला. मग एकेक जण बोलू लागला, आणि सहायक मुलगी सगळ्यांच्या मध्ये खाली बसून ऐकत राहिली.

तिथं दादा नव्हता. त्यानं अभ्यासातून नाव काढून घेतलं होतं.

संध्याकाळी चिमीनं फोन लावला. या वेळी त्यानं स्वतः उचलला. तिनं सभेत काय काय झालं ते सगळं सांगितलं. स्वतः काय बोलली तेही, अडखळत.

“बरं केलंस,” दादा म्हणाला. “उद्यापासून तलावावर जाणार आहे परत.”

“मी येऊ?”

“इतक्यात नको,” तो म्हणाला. “वहिनीला देतो हं,” आणि त्यानं फोन तिच्या हातात दिला.