नसीमबाईंचा कवी

माघातल्या दुपारी वर्गाच्या पश्चिमेकडच्या खिडकीतून ऊन तिरपे आत येई, गुऱ्हाळांचा गोडसर, किंचित करपलेला वास वाऱ्यावर तरंगत असे, आणि त्या उन्हात उभ्या राहून नसीमबाई कविता वाचत. ओळ संपली की त्या थांबत. उजव्या हाताची बोटे हवेत हळूच मिटत, ओळीमागून येणारी निःशब्दता त्यांना निसटू द्यायची नसावी.

मी आधी त्यांची विद्यार्थिनी, पुढे त्याच मराठी विभागात सहकारी. त्या शिरोळच्या, वडील शिंपी. कृष्णाकाठचे बालपण त्यांच्या जिभेवर अखेरपर्यंत होते. वर्गात नितळ, प्रमाण मराठी, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडताच ‘व्हय’ आणि ‘न्हाय’.

त्यांचा कवी एकच. नवकवितेच्या पहिल्या पिढीतला, आमच्याच भागातला, ज्याने भाषेला यंत्रांचा खडखडाट आणि एकट्या माणसाचा काळोख दिला. शाळकरी वयात त्याची एक कविता वाचून ‘माझ्या मनातलं ह्याला कसं कळलं?’ असे त्यांना वाटले, आणि त्या मराठीच्या झाल्या. त्याच कवीने उतारवयात हुकूमशाहीची भलामण करणारे लेख लिहिले होते. त्यांत नसीमबाईंच्या समाजाला त्याने या मातीतले उपरे म्हटले होते. लेख सर्वांना ठाऊक होते. त्यांविषयी सर्वांचे मौनही तितकेच जुने होते.

कवीच्या जन्मशताब्दीच्या चर्चासत्रात ते मौन फुटले. तरुण संशोधक म्हणाले, याला अभ्यासक्रमातून काढा. ज्येष्ठ म्हणाले, कविता बघा, माणूस कशाला उकरता? नसीमबाई उठल्या. त्यांनी ती शाळकरी वयातली कविता म्हटली. सभागृह शांत होत गेले. आणि मग त्याच स्वरात, त्याच मार्दवाने, त्यांनी उपऱ्यांविषयीचा तो परिच्छेद वाचला.

“दोन्ही त्येचंच हाय,” त्या म्हणाल्या. व्यासपीठावर त्यांना मी घरच्या बोलीत बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते. “त्येला काढून टाकलं, तर मी भांडू कुणाशी? आन् हे झाकून ठिवलं, तर पोरांस्नी शिकवू कसं?”

हे कोणालाच रुचले नाही. तरुणांनी त्यांना लाचार ठरवले. शताब्दीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथाच्या संपादकांनी त्यांच्या लेखातून तो परिच्छेद गाळण्याची अट घातली, तेव्हा त्यांनी आपला लेखच परत घेतला. त्या संध्याकाळी शाहूपुरीतल्या एका हॉटेलात आम्ही समोरासमोर बसलो होतो. दुकानांचे दिवे लागत होते. मी संतापून विचारले, “बाई, ज्यानं तुम्हाला उपरं म्हटलं, त्याच्यावर इतकं प्रेम कशाला?”

त्यांनी चहावर धरलेली साय चमच्याने बाजूला सारली.

“त्येच्यावर न्हाय गं,” त्या म्हणाल्या. “त्या कवितेत मी मला पहिल्यांदा भेटले. ती जागा माझी हाय की. तिथनं मला उठवणारा त्यो कोण?”

डोळे भरले होते, पण स्वर हलला नाही. प्रेम आणि अपमान एकाच ओंजळीत धरून चालणारी अशी दुसरी व्यक्ती मी पाहिलेली नाही.

अभ्यास मंडळापुढे तोच आग्रह धरत त्या निवृत्त झाल्या, आणि मागच्या हिवाळ्यात गेल्या. आता अभ्यासक्रमात ती कविता आणि तो परिच्छेद शेजारी शेजारी आहेत. मुले तावातावाने भांडतात. हे कोणामुळे घडले, ते त्यांना माहीत नाही. परवा एका मुलीने विचारले, “मॅडम, मग ह्यो कवी आपला का परका?” उत्तर मला येत होते, तरीही बाई आज काय म्हणाल्या असत्या, याची तहान लागली.

वाद जिथल्या तिथे राहतो, वाद घालणारी माणसे एकेक करून उठून जातात. आणि काळ मागे राहिलेल्याच्या पदरात फक्त एवढेच टाकतो, की त्यांच्याशी अर्धे राहिलेले बोलणे आता त्याने एकट्याने, उरलेले आयुष्यभर, बोलत राहावे.