पाच हातांचा शिवडा

आमच्या घरात मासा शिजला की त्याचं डोकं मामांच्या ताटात जातं. मामा म्हणजे माझे सासरे, सोमा. लग्न होऊन मी इंदिरानगरच्या या फ्लॅटमध्ये आले त्याला तेवीस वर्षं झाली, आणि तेवीस वर्षं मी मुकाट्याने हे डोकं वाढते आहे. कारण एकच. साठ वर्षांपूर्वी, सुरगाण्याकडच्या आमच्या गावी, नार नदीच्या डोहात मामांनी पाच हात लांब शिवडा मासा धरला होता.

ही गोष्ट मला नवऱ्याच्या जन्मतारखेपेक्षा जास्त पाठ आहे. वैशाखात डोह आटायचा. गडीमाणसं पाण्यात उतरून काठ्या आपटायची, आणि उथळ तोंडाशी बायापोरी जुनी लुगडी आडवी धरून उभ्या राहायच्या. मासे घाबरून पळायचे ते थेट लुगड्यात. त्या वर्षी हा मिशाळ राक्षस आला. सोळा वर्षांच्या मामांनी त्याला मिठी मारली, बाहेर काढला आणि खांद्यावर टाकून गावात नेला. "आन आमच्यात रीत हाय," शेवटी मामा बोट वर करतात, "जो धरील त्याच्याच हाताने मासा मोजायचा. कोपरापास्नं बोटापर्यंत एक हात. आन डोकं त्याच्याच ताटात."

परवा रविवारी ही गोष्ट नव्या माणसाला ऐकवायची होती, म्हणून मामा सकाळीच दाढी करून बसले होते. माझ्या मुलीचं, तृप्तीचं, लग्न ठरलंय. तिचे होणारे सासरे गोरक्षराव जेवायला येणार होते. मूळचे नांदगावचे, आमच्याच शहरात द्वारका चौकात प्लायवूडचं दुकान. माणूस भला, पण खिशात कायम मोजायचा टेप. आल्या आल्या त्यांनी आमच्या दाराची चौकट मोजली आणि "अर्धा इंच बसलीये" म्हणून सांगितलं. मी तेव्हाच ओळखलं, आज काही खरं नाही.

मामांची धाकटी बहीण भागीआत्याही गावाहून आल्या होत्या. त्या दाराशी बसून लसूण सोलत होत्या. आत्या फारशा बोलत नाहीत. दोघांच्या वाटणीचं मामाच बोलून टाकतात.

ताटं वाढली, रोहूचं डोकं ठरल्या जागी गेलं, गोष्ट सांगून झाली. गोरक्षराव मन लावून ऐकत होते. मग म्हणाले, "पाच हात म्हणजे किती फूट हो, दादा?"

"आता ते काय म्हाईत."

"द्या बरं हात." टेप निघाला. कोपरापासून बोटापर्यंत अठरा इंच. "अठरा पंचे नव्वद. साडेसात फूट! आणि तुमची उंची?"

"पाच फूट चार."

"मग खांद्यावरून शेपटी जमिनीला घासली असेल."

"नाय घासली. गुडघ्याखाली लोंबत व्हती फक्त."

"मग नाही बसत मापात." गोरक्षराव हसले. "असू द्या. गोष्टीतला मासा लय वाढतो, त्याला खायला लागत नाही ना."

झालं. मामांनी ताट पुढे सरकवलं. मामा म्हणजे खरं बोलण्यापायी वाया गेलेला माणूस. शेजारणीचं बारशाचं बाळ बघून "दिसायला बेताचंच हाय" म्हणून आले होते. आणि साखरपुड्यात याच गोरक्षरावांना छातीठोक सांगितलं होतं, "आमच्या घरात खोटं चालत नाय, डोळे झाकून पोरगी न्या." आता व्याह्यासमोर तेच लबाड ठरत होते.

"मासा पाच हातच व्हता," मामा म्हणाले. "गावात कुणालाबी इचारा."

"बरं, पाच हात खरे. शेपटी गुडघ्याखाली, तेही खरं?"

"तेबी खरं."

"मग दादा, चुकलं काय?"

मामांनी आत्याकडे पाहिलं. आत्यांनी मान वर केली नाही, पण लसणाची पाकळी हातातच राहिली होती. मला मामांची दया आली, तेवीस वर्षांत पहिल्यांदाच.

"हात माझा नव्हता," मामा म्हणाले. "भागीचा व्हता. गावात न्यायच्या आधी काठावरच मोजला आमी दोघांनी. नऊ वरसाची व्हती ती."

मला समजायला जरा वेळ लागला. मग ती रीत आठवली. जो धरील त्याच्याच हाताने.

"आत्या, तुम्ही धरला?" मी ओरडलेच.

"लुगड्याचं एक टोक झाडाच्या मुळीला बांधलेलं, दुसरं माझ्याकडं," आत्या म्हणाल्या. "शिवडा आत घुसला आन मला वढाया लागला. म्हून मी त्याच्यावर बसले."

"बसलात?"

"मंग काय करू? दादा येईस्तवर बसूनच व्हते."

गोरक्षरावांनी बोटांवर हिशेब केला. "नऊ वर्षांच्या पोरीचा हात चौदा इंच धरा. चौदा पंचे सत्तर. पाच फूट दहा! बसलं की हो मापात!" त्यांना इतका आनंद झाला की शिवडा जणू त्यांच्याच दुकानातून गेला होता.

मी मात्र पेटले होते. "आणि साठ वर्षं गप्प राहिलात?"

"दादानं इतक्या येळा सांगितलं," आत्या म्हणाल्या, "का मलाबी वाटाया लागलं, त्यानंच धरला."

"खांद्यावर मासा बघून गाव म्हणालं, सोमानं धरला," मामा खाली बघत म्हणाले. "मी नाय म्हटलं नाय. उद्या सांगीन म्हटलं. मंग रोज एक दिवस उशीर व्हत गेला."

मी मामांच्या ताटातलं डोकं उचललं आणि नव्या ताटात वाढून आत्यांपुढे ठेवलं.

आत्या ते डोकं फिरवून फिरवून बघत राहिल्या. आमच्यापैकी कुणीच घास घेत नव्हतं. मग त्यांनी बोटाने एक डोळा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"हा दादाला वाढ," त्या म्हणाल्या. "खांदा त्याचाच व्हता."