माझी वाळू कुणी खाल्ली?

मी अग्निशमन केंद्रातला बाहुला बोलतोय. मुलींच्या खेळातला नव्हे. जाड कापडाचा, वाळू भरलेला, चांगला भरल्या अंगाच्या माणसाएवढा. आगीत बेशुद्ध पडलेल्या माणसाचं सोंग मी घेतो. वर्षातून एकदा प्रत्येकानं मला काखांत धरून आवाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचं. जमलं, तरच नोकरीला लायक.

नवा होतो तेव्हा भल्याभल्यांना घाम फोडायचो. मग केंद्राच्या साहेबांचं पोट सुटलं. परीक्षेआधी ते म्हणाले, "याची वाळू दमट झालीय. काढा थोडी." पुढच्या वर्षी ती पुन्हा दमट झाली. भर उन्हाळ्यात! साहेब फुगत गेले, मी सुकत गेलो, आणि पास मात्र सगळेच होत राहिले. दुपारी जेवण झालं की ही अनुभवी मंडळी मलाच उशाला घेऊन घोरायची.

बाहेर लोकांना वाटतं, आग विझवणारे म्हणजे पोलादी माणसं. साहेबही भाषणात सांगतात, "सामान्य माणूस जिना चढला की धापा टाकतो. आमचं तसं नाही." खरंच तसं नाही. ते जिना चढतच नाहीत.

यंदा एक नवी मुलगी भरती झाली. तिला सगळे मिरची म्हणतात. मला उचलताच ती कडाडली, "हा माणूस आहे की उशी? वाळू भरा याच्यात!"

"पोरी, तुझ्या वयापेक्षा आमचा अनुभव मोठा आहे," साहेब म्हणाले.

"पोटही, साहेब."

"नोकरीत कायम व्हायचंय ना? मग जीभ आवर."

तिनं जीभ आवरली. डोळे आवरले नाहीत.

मग नागरिकांसाठी प्रात्यक्षिक ठेवलं. साहेबांनी मला खांद्यावर टाकलं. टाळ्या पडल्या, तसा त्यांना चेव आला आणि ते मला घेऊन सरावाच्या धुराच्या खोलीत शिरले. आत त्यांचा दम संपला. ते कोसळले, तेही माझ्यावरच. अनुभवी मंडळी धावत आली.

"पाय धर रे!"

"माझीच कंबर धरलीय!"

"साहेब, जरा स्वतःच उठता का?"

तेवढ्यात मिरची आली. साहेबांच्या काखांतून हात घातले, पाय रोवले आणि एकटीनं त्यांना फरफटत बाहेर काढलं. एवढ्या लोकांनी पाहिलं होतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी ती वाळूचं घमेलं घेऊन माझ्याकडे आली तेव्हा कुणी तिला अडवलं नाही.

आज परीक्षा आहे. साहेबांनी मला धरलं, हिसका दिला. मी जागचा हललो नाही.

"एवढा जड कशाला केलास?"

"तुमच्याच वजनाचा केलाय, साहेब. त्या दिवशी अंदाज आला."

साहेब बाह्या सरसावून पुन्हा वाकले.

साहेब, दम लागला तर बसा, उद्या पुन्हा या. मी इथंच आहे. फक्त माझ्या शिवणीला हात लावू नका. आगीत सापडलेल्या माणसाची वाळू काढता येत नाही.