जास्त ठिपक्यांचं अंडं

मोजणीवालीला त्या पाखराची मनस्वी किळस. जंगलखात्याने पक्षी मोजायला ठेवलेली ही बाई सापालाही दचकत नसे, पण शेंड्यावरून नराची चार सुरांची शीळ आली की नाक मुरडायची. "झालं! आता याची सटवी कुणाचं घर बुडवतेय बघा!"

दिसायला ही पट्टेरी कोकिळा, कावळ्याला फसवणाऱ्या नेहमीच्या कोकिळेची धाकटी बहीण, गोजिरी. साळुंकीहून लहान, पाठ तांबूस, पोटावर बारीक पट्टे, डोळ्यावर पांढरी भुवई. वाळक्या फांदीवर बसून केसाळ सुरवंट गिळायचे आणि अंडी घालायची दुसऱ्याच्या घरट्यात. शी!

यंदा तिने बुलबुलांची दोन घरटी बुडवली होती. चौकीशेजारच्या झुडपातलं तिसरं तेवढं उरलं होतं. त्यातल्या तीन अंड्यांतली पिल्लं उडताना बघायचीच, असा मोजणीवालीने चंगच बांधला होता.

एका दुपारी कोकिळा त्याच घरट्यातून निघाली, चोचीत अंडं! बाई धावली. आत बघते तर अंडी तीनच. म्हणजे एक नेलं आणि त्या जागी आपलं ठेवलं. पण कुठलं? तिन्ही गुलाबट, तिन्ही ठिपक्यांची.

"ताई, बघायचं, लिहायचं, हात लावायचा नाही," म्हातारा वनरक्षक म्हणाला. "नियम आहे खात्याचा."

"नियम गेला खड्ड्यात, काका! वीस वर्षं काय माश्या मारल्या मी? मला ओळखता येत नाही होय?"

जास्त ठिपक्यांचं अंडं तिने उचललं आणि दगडावर आपटलं. चिकट बलक बोटांवर आला. तो पानाला पुसून ती खुशीत चौकीत परतली.

बाराव्या दिवशी ती घरट्यात डोकावली. एकच पिल्लू, उघडंनागडं, आंधळं. उरलेलं अंडं पाठीच्या खळग्यात घेऊन ते काठाकडे रेटत होतं. ती हात पुढे करेपर्यंत अंडं खाली पडून फुटलंसुद्धा. कोकिळेचं पोर घरट्यात जिवंत होतं. मग दगडावर आपटलं ते कुणाचं?

बुलबुलीण अळी घेऊन आली आणि त्या उघड्या चोचीत भरवू लागली. मोजणीवाली झुडपाशीच खाली बसली. तिने वही उघडली.

काकांनी खांद्यावरून वाचलं. "बुलबुलाची तीन अंडी. एक कोकिळेने नेलं. एक तिच्या पिल्लाने ढकललं. एक मी फोडलं."

"शेवटचं कशाला लिहिता, ताई? कोण विचारतंय?"

"तिन्हींत किळसवाणं तेच आहे, काका," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.